मंगळवारचं मरण

धुतलेल्या कपड्यांची बादली दोन्ही हातांत धरून राही मधल्या दारात थांबली, कारण पुढच्या खोलीत ऐन वाटेवर बाबा मरून पडले होते.

डावा हात चपलांच्या फळीकडे गेलेला, उजवा पोटाखाली दुमडलेला, चष्मा कपाळावर सरकलेला. निजलेल्या माणसाला ओलांडू नये हे राहीला लहानपणापासून पढवलेलं. मेलेल्याबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तेही चालत नसावंच.

"बाबा, बादली जड आहे."

बाबा हलले नाहीत.

"मेला असशील तर जरा भिंतीकडे सरकून मर. मला कपडे वाळत घालायचेत."

"थांब गो," ओठ न हलवता बाबा म्हणाले. "श्वास दिसतोय का बघ."

राहीनं बादली खाली ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकून नीट पाहिलं. हे काम तिच्याकडे फार वर्षं होतं.

"पोट दिसत नाही. मानेची शीर उडतेय."

"ती उडणारच. ती बंद करून कसं चालंल?" बाबा उठून बसले आणि मानेवर बोट ठेवून स्वतःच चाचपू लागले. "म्हणजे परवा कॅमेऱ्यात पण दिसली असंल. तो डायरेक्टर ओके म्हणाला, पण तो पोरगा. त्याला जेवायची घाई."

"चपलांकडे हात कशाला?"

"चप्पल शोधत होतो. लेखकानं दीड पान भाषण दिलेलं. मी म्हटलं, साहेब, मरताना माणूस भाषण करत नाय, तो काहीतरी शोधत असतो. चष्मा, काडेपेटी, काहीपण. मला चप्पल शोधू द्या."

"मग? दिली?"

"चप्पल दिली. भाषण पण ठेवलं."

राही हसली, बाबाही हसले. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "दिवाळीचे कंदील अजून उतरले नायत आणि घरात मरणं चाललीत! उठा तिथनं. आणि वाल सोलायला कोण बसतंय, ते मेलेलं का जितं?"

"जितं बसतंय," बाबा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले. बादली त्यांनीच उचलून अंगणात नेली. कपडे दोरीवर टाकता टाकता म्हणाले, "उद्या धसईला फोन केला पाहिजे. बाईजा आत्याला सांगावा धाडायचाय."

"लागायला अजून वेळ आहे तो भाग."

"असू दे. ती खाटेवर पडून हाय. तिला आधी कळलेलं बरं."

दुपारी तिघांनी मिळून वाल सोलले. संध्याकाळी बाबा आणि राही शहापूरच्या बाजारात गेले. एस. टी. स्टँडसमोर एका गृहस्थांनी बाबांना अडवलं आणि बराच वेळ निरखून विचारलं, "तुम्ही आमच्या बँकेत होतात ना?"

"होतो," बाबा म्हणाले. "बदली झाली."

"तरीच! चेहरा ओळखीचा."

"मिसेस बऱ्या आहेत?"

"आहेत, आहेत," ते गृहस्थ खूश होऊन गेले. राहीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बाबा, एकदा तरी खरं सांग ना. नट आहे म्हणून."

"अगो, तो बँकेतला माणूस त्याला आवडत होता. कशाला काढून घ्यायचा?"

तो रविवार असा गेला.

सोमवारी सकाळी राही कॉलेजात शिकवायला निघाली, तेव्हा बाबा ओटीवरच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांची मान एका बाजूला पडली होती. तिनं चपलेत पाय सरकवत पाहिलं आणि म्हणाली, "मान फार कललीय. मेलेला नाही, डुलकी लागलेला वाटतोस." मग घड्याळ विसरलं म्हणून ती आत गेली. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर गेली, आणि बाहेरून तिनं हाक मारली. कुणाचं नाव घेऊन नव्हे. नुसतीच हाक.

राही धावत आली तेव्हा तिला आधी बाबांचे हात दिसले. दोन्ही मांडीवर पालथे पडलेले, रिकामे. ते काहीच शोधत नव्हते.

*

काळूराम निचिते हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मालिकेच्या शेवटी नावं सरसर वर जायची, त्यात तेही जायचं. पण चेहरा सगळ्यांना ठाऊक होता. वाशिंदच्या कारखान्यात पाळी करता करता ते मुंबईच्या नाटकांतून कामं करू लागले. आधी दुसरा हवालदार. मग पहिला हवालदार. मग ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन मान हलवणारे डॉक्टर. दौऱ्याच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर झोपून ते विदर्भापर्यंत जाऊन यायचे आणि स्टेजवर एकूण चार वाक्यं बोलायचे. ती चार वाक्यं मात्र अशी, की एकदा हिरोनं मॅनेजरकडे तक्रार केली होती, "त्या निचित्यांना सांगा, लोक त्यांच्याकडे बघतात." ही तक्रार बाबांनी पुढं आयुष्यभर बक्षीस मिळाल्यासारखी सांगितली.

नव्वदनंतर मालिका वाढल्या तशी त्यांनी नोकरी सोडली. मालिकेत त्यांच्या वाट्याला बाप यायचा. कधी हिरोचा, कधी हिरॉइनचा, आणि तो मरायचा. कर्जानं, तापानं, अपमानानं, एकदा गच्चीवरून पडून. फोटोला हार घातल्यावर त्यांच्यासारखा भारदस्त कोणीच दिसत नाही, असं एका दिग्दर्शकानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. एका मालिकेत ते दुसऱ्याच भागात गेले आणि त्यांचा फोटो दिवाणखान्यात पुढं दोन वर्षं टांगलेला होता. "माझ्यापेक्षा माझ्या फोटोला काम जास्त," बाबा म्हणायचे.

या सगळ्या मरणांचा त्रास एकाच माणसाला झाला, आणि ती म्हणजे बाईजा आत्या.

बाबांची आई ते रांगत असतानाच गेली. त्यांना वाढवलं ते या मोठ्या बहिणीनं, आणि लग्न होऊन धसईच्या पुढच्या गावी गेली तेव्हा ती भावालाही बरोबर घेऊन गेली. बाबा तिला 'बाय' म्हणत. पहिल्यांदा ते टीव्हीवर मेले, तेव्हा आत्याच्या गावात एकच टीव्ही होता, पोलीस पाटलांकडे. भाऊ दिसणार म्हणून आत्या सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली होती. भाऊ दिसला, खोकला, उशाखाली काहीतरी शोधू लागला आणि शोधता शोधता मेला. आत्या उठली. कुणाशी न बोलता घरी गेली आणि पेटत्या चुलीत तिनं कळशीभर पाणी ओतलं. लोक मागोमाग समजवायला गेले. पण त्यांनीही डोळ्यांनी पाहिलेलंच होतं, त्यामुळं त्यांच्या समजवण्यात काही दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आत्याचा मुलगा गणू शहापूरला आला. दार बाबांनीच उघडलं, अर्ध्या गालाला साबण लावलेला. गणूनं आधी त्यांच्या हाताला हात लावून पाहिला, मग तो रडला, मग त्यानं दोन बश्या पोहे खाल्ले. त्याच दुपारी बाबा त्याच्याबरोबर गावी गेले. राही तेव्हा शाळेत होती, तीही गेली. अंगणात पांढऱ्या टोप्या घालून माणसं बसली होती. मेलेला माणूस बांधावरून चालत येताना बघून त्यांतले दोघं उठून उभे राहिले.

आत्यानं भावाला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून लांब टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि तो आत आल्यावर त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"बाय, खोटं होतं गो ते!"

"खोटं असलं म्हणून काय झालं? लोकांनी बघितलं का नाय? बघितलेलं मरण अंगाला चिकटतं. ते उतरवाया लागतं."

तेव्हापासून तो नेमच झाला. टीव्हीवर मेल्यावर आठवड्याच्या आत आत्याकडे जायचं, तोंड दाखवायचं, तुकडा ओवाळून घ्यायचा, तांदळाची खीर खायची. आणि मरायच्या आधी सांगावा धाडायचा. बाबा धसईच्या एका भातवाल्याकडे फोन करत, आणि बाजारात आत्याच्या गावचं जे कोणी दिसेल त्याला तो भातवाला पेढीवरूनच हाक मारत असे. "ए गोजर! बाईजाला सांग, काळूराम मंगळवारी मरतोय! चूल पेटती ठेव म्हणावं!" ओळखीची माणसं "सांगतो, सांगतो" म्हणून निघून जात. एखादं परगावचं गिऱ्हाईक तेवढं पोतं खांद्यावर घेऊन जागच्या जागी उभं राही.

*

बाबा गेल्याचं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. मामानं फोन केले, शेजाऱ्यांनी फळ्यावर लिहिलं, आईनं येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आणि सांगताना ती दर वेळी चहाच्या कपापाशी थांबायची. राहीनं मात्र ते कुणालाच सांगितलं नाही. तसं तिनं ठरवलेलं नव्हतं. फोन वाजला की ती रिसीव्हर मामाकडे द्यायची. कॉलेजच्या रजेच्या अर्जात तिनं 'घरगुती कारण' लिहिलं. तिसऱ्या दिवशी मुंबईहून कुठल्याशा नव्या मालिकेच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला, तेव्हा जवळ कुणी नव्हतं.

"निचिते सर आहेत का? पुढच्या महिन्यातल्या डेट्स हव्या होत्या."

"घरी नाहीत," राही म्हणाली.

"कधी येतील?"

"सांगते मी."

"आजोबांचा रोल आहे, सांगाल का त्यांना? शेवटपर्यंत आहे. मरत नाही."

"सांगते," राही पुन्हा म्हणाली आणि रिसीव्हर ठेवून बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

बाईजा आत्याला काही कळवायचं नाही, असं गणूनं आणि आईनं स्मशानातून आल्या दिवशीच ठरवलं होतं. नवरात्रात अंगणात पडून आत्याचा खुबा मोडला होता. तिला खाटेवरून हलता येत नव्हतं. "थोडी उठूनबसून होऊ दे," गणू म्हणाला, "मग मीच सांगतो." त्यानं मुरबाडला बाजार आहे असं सांगून बाबांना खांदा दिला, मुरबाडला बाजार आहे असं सांगून दहाव्याला आला, तेराव्यालाही बाजारच सांगितला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं होतं.

मग तो भाग लागायचा मंगळवार आला. शहापूरच्या घरात टीव्ही लावायचा प्रश्नच नव्हता. पण रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला शेजारच्या भिंतीतून बाबांचा आवाज आला. शेजाऱ्यांनी तो लगेच बारीक केला, पण बंद केला नाही. राही पानावर बसली होती. शब्द कळत नव्हते, नुसता चढउतार कळत होता, आणि त्यावरून तिला समजलं की हे ते दीड पान. मधे बाबा थांबले. चप्पल सापडत नसणार. मग पुन्हा बोलले. मग बोलले नाहीत. आई उठली आणि घासलेलीच कढई पुन्हा घासायला बसली.

शुक्रवारी गणूचा फोन आला.

"राही, तिनं बघितलं गो. आमच्या जनीनं टीव्ही बंद करायला खूप बघितलं, पण म्हातारीनं काठी उगारली. आता खीर करायचे तांदूळ निवडून ठेवायला लावलेत. भाकरीचा तुकडा रोज ताजा ठेवते उशाशी. रोज विचारते, गाडी आली का. या वेळी मामाचा सांगावा आला नाय म्हणून रागावलीय असं वाटतं, धड बोलत पण नाय."

"तू सांग ना, गणूदादा."

"काल गेलो होतो सांगायला. खाटेपाशी बसलो. बोललो काय, तर औषध घेतलंस का. मला नाय जमत. मामीला पाठवू नको, त्या दोघी एकमेकींना धरून बसतील आणि म्हातारीला हुंदका सहन होणार नाय. तू ये. तू शिकवतेस, तुला बोलायची सवय हाय."

*

शनिवारी राही निघाली. शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाड, मुरबाडहून धसईची गाडी. दोन्ही बाजूंना भात कापून झालं होतं, शेतांतून पेंढ्यांचे भारे उभे होते. याच रस्त्यानं ती बाबांबरोबर कितीतरी वेळा आली होती. ती खिडकीशी पुस्तक उघडून बसायची आणि बाबा पुढच्या बाकावरच्या माणसाचे खांदे बघत बसायचे. खांद्यांवरून माणूस कुठं उतरणार ते कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दहापैकी सात वेळा बरोबर यायचं. उरलेल्या तीन वेळा, बाबांच्या मते, तो माणूसच चुकीच्या ठिकाणी उतरायचा.

आज तिनं पिशवीत पुस्तक घेतलं होतं, पण काढलं नाही. ती वाक्यं जुळवत होती. वर्गात ती एखादी अवघड कविता शिकवायला लागण्याआधी अशीच वाक्यं जुळवायची. आत्या, तुझी तब्येत बरी नव्हती म्हणून. आत्या, तुला त्रास होऊ नये म्हणून. प्रत्येक वाक्य 'म्हणून'पाशी येऊन अडत होतं. पुढं जे यायला हवं होतं ते येईना. सरळ उपाय म्हणजे सुरुवात शेवटापासून करायची. पण तिथं तर तेच होतं.

धसईला उतरून ती रिक्षानं गावात गेली आणि शेवटचा बांध चालत ओलांडला. खळ्यावर गणू भात झोडत होता. तिला बघून त्याचे हात थांबले, पण तो पुढं आला नाही. नुसती मान हलवून त्यानं घर दाखवलं, जसं काही तिला घर ठाऊकच नव्हतं.

आत्याची खाट ओढून उंबऱ्याला लावलेली होती. आत्या भिंतीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, लुगडं नीट. राही पायरीपाशी पोचली तशी ती म्हणाली, "थांब तिथंच."

राही थांबली.

आत्यानं बांधावर नजर टाकली नाही. राहीच्या मागं कोण येतंय ते तिनं पाहिलं नाही. उशाशी फडक्यात ठेवलेला भाकरीचा तुकडा काढला, कमरेतून कळ आली तशी तोंड वाकडं केलं, आणि हात लांब करून तो तुकडा राहीवरून ओवाळला. एकदा, दोनदा, तीनदा. मग जितका जमला तितका लांब टाकला. कोंबड्या धावल्या.

"पायांवर पाणी घाल गो, जने," ती आत बघून म्हणाली.

गणूची बायको जनी तांब्या घेऊन आली. राहीच्या पायांवर पाणी घालताना तिनं वर पाहिलं नाही.

"आत्या," राही म्हणाली, "हे माझ्यावरून कशाला?"

"मग कोणावरून? दुसरं कोण आलंय?"

आत्यानं खाटेच्या कडेवर हात आपटून बसायची खूण केली. राही बसली. आत्याचा हात खरखरीत होता आणि तापल्यासारखा गरम.

"वाळलीस. काय खातेस का नाय?"

"खाते."

"खोटं बोलतेस. बापासारखं जमत नाय तुला."

आत जनीच्या हातून काहीतरी पडलं. आत्यानं तिकडं हनुवटी उडवली. "ही बघ. दिवाळीनंतर एक दिस सकाळी उठले, तर ही मला म्हणते, आई, चहात साखर बरी झाली का? अठरा वरसं झाली हिला या घरात. कधी इचारलं नाय. दुसऱ्या दिशी पाय चेपाया बसली. तवाच मी समजले, कोणीतरी मेलंय."

"आई!" आतून जनी म्हणाली.

"काय आई? खोटं हाय का? सून गोड बोलाया लागली की माणसानं घरातली डोकी मोजावी. मी मोजली. गणू हाय, पोरं हायत. आणि गणू तीनदा बाजाराला गेला आणि तीनदा हात हलवत परत आला. मग कोण ऱ्हायलं?"

राहीनं मान खाली घातली. उन्हाची तिरीप आत्याच्या पायांवरच्या गोधडीवर आली होती.

"मग तू बोलली का नाहीस, आत्या? गणूदादाला विचारलं का नाहीस?"

"इचारलं असतं तर तो खोटं बोलला असता. एवढा बाप्या झाला, त्याच्या मिशा पिकल्या. त्याला खोटं बोलताना कुठं बघू?"

"आणि खीर? तांदूळ?"

"तांदूळ निवडाया लावले म्हणून तू आलीस. नायतर तुमी कोण येनार होता? सगळी मिळून मला गप ठेवून बसलेली." आत्याचा आवाज पहिल्यांदाच जरासा चिरला. तिनं तो खाकरून ठीक केला. "मंगळवारी बघितला त्याला. सगळा बघितला. काय ती चप्पल शोधत होता... लहानपणी पण असाच. शाळेला निघाला की एक चप्पल नाय. मीच शोधून द्यायची."

खळ्यावरून झोडण्याचा आवाज येत नव्हता. राहीला वाटलं, झालं. आता सांगायचं काही उरलं नाही. वाटभर जुळवलेली ती अर्धी वाक्यं आता लागणार नव्हती. तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली. ती उठायला लागली. "मी जनीवहिनीला मदत करते."

आत्यानं तिचं मनगट धरलं.

"कुठं चाललीस? पाणी तापलंय मागं. मला अंघोळ करायचीय त्याच्या नावाची."

"कर ना. आम्ही बसवतो तुला पाटावर."

"अशी नाय करता येत." आत्या तिच्याकडे बघत होती. "मी ओळखलं ते माझं ओळखणं. त्याच्यावर अंघोळ नाय होत. घरच्या माणसानं येऊन तोंडानं सांगाया लागतं, आणि मी कानानं ऐकाया लागतं. मग माझं पाणी त्याला पोचंल. जनीनं सांगितलेलं नाय चालत, गणूचं नाय चालत. तू त्याची. तू बोल."

"तुला ठाऊक आहे, आत्या."

"मला ठाऊक हाय. तू बोल."

राहीनं अंगणाकडे पाहिलं. गणू खळ्याच्या कडेला येऊन उभा होता, हातात पेंढी तशीच. जनी दारात आली होती, हात पदराला पुसत. कोणी घाई करत नव्हतं.

"आत्या, तीन आठवड्यांपूर्वी बाबांचं," राहीनं सुरुवात केली. आवाज वर्गातला होता, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पुढचा शब्द वर्तमानपत्रात छापतात तो होता. तो जिभेवर आला आणि तिनं तो गिळला.

आत्या थांबली होती. तिच्या बोटांची पकड सुटली नव्हती, आणि घट्टही झाली नव्हती.

राहीनं तिचा तो खरखरीत हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आत्या," ती म्हणाली, "बाबा गेला गो."